‘समजलं का?’ हा प्रश्न आपण सोडून देऊ या

मागच्या उन्हाळ्यात साठीच्या घरातले एक शेतकरी दवाखान्यात आले. दोन दिवसांपासून डोकं ठणकत होतं, उठलं की भोवळ येत होती. बीपी पाहिलं तर १९०/११०. जुना कागद काढला. सहा महिन्यांपूर्वी याच माणसाचं बीपी १३०/८० होतं आणि रोज एक गोळी चालू होती.

“काका, गोळ्या कधी बंद केल्या?”

“तुमीच तं म्हनलं होतं जी, बीपी नॉर्मल हाये म्हून. मंग कायले खाऊ?”

मी म्हटलं होतं, हे खरंच आहे. आकडा पाहून मला आनंद झाला होता, म्हणून म्हटलं, “वा, एकदम नॉर्मल.” पुढे “गोळी चालू ठेवा” असंही म्हणालो असेन, कागदावर तर लिहिलेलंच होतं. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, “समजलं का?” त्यांनीही नेहमीप्रमाणे उत्तर दिलं, “हाव जी.”

याच काकांनी त्या दिवशी मला अभिमानाने आणखी एक गोष्ट सांगितली. किडनी खराब होऊ नये म्हणून त्यांनी घरी कॅनचं पाणी सुरू केलं होतं. रोजचा खर्च सोसून. म्हणजे किडनीची काळजी होती, पैसे मोजायची तयारी होती. फक्त बीपी वाढलेलं राहिलं तर त्यानेच किडनी जाते, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. आणि ती पोहोचवायचं काम माझं होतं.

“पेशंट ऐकतच नाहीत” असं आम्ही डॉक्टर सहज म्हणतो. शिक्षक मुलांबद्दल म्हणतात, ग्रामसेवक गावाबद्दल म्हणतात, बाप पोराबद्दल म्हणतो. आपल्याकडे त्यासाठी तयार म्हणही आहे: पालथ्या घड्यावर पाणी. या म्हणीत सगळा दोष घड्याचा. ओतणाऱ्याने आधी घडा सुलटा आहे का ते पाहायला हवं होतं, असं कुणी म्हणत नाही.

माझं मत सरळ आहे. बोलणं झालं म्हणजे संवाद झाला, असं नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय उतरलं हे बोलणाऱ्याने तपासल्याशिवाय संवाद पूर्ण होत नाही, आणि ते तपासण्याची पहिली जबाबदारी बोलणाऱ्याची आहे. मग तो डॉक्टर असो, सरपंच असो की व्यासपीठावरचा पाहुणा.

नळाचं मॉडेल

माणसं एकमेकांशी कशी बोलतात, यावर शास्त्रज्ञांनी काही मॉडेल, म्हणजे समजायला सोपे आराखडे, तयार केले आहेत. त्यातले तीन कळले तरी पुरेसे आहेत.

पहिलं १९४८ सालचं. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन नावाचे गणिती काम करत होते. तारेवरून संदेश कमीत कमी चुका होऊन कसा जाईल, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मांडलेली साखळी अशी: संदेश तयार करणारा, तो पाठवणारं यंत्र, मधला मार्ग, तो घेणारं यंत्र आणि शेवटी ज्याच्यासाठी संदेश आहे तो. मधल्या मार्गात मिसळणारा अडथळा म्हणजे ‘नॉईज’, गोंगाट. पुढच्याच वर्षी वॉरन वीव्हर यांच्यासोबत हे पुस्तकरूपात आलं आणि शॅनन-वीव्हर मॉडेल म्हणून जगभर शिकवलं जाऊ लागलं.

हे मॉडेल नळासारखं आहे. इकडून पाणी सोडलं, पाईप फुटका नसेल तर तिकडे पोहोचलं. शॅनन यांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं होतं की संदेशाच्या अर्थाशी त्यांच्या गणिताला कर्तव्य नाही. त्यांना टेलिफोन सुधारायचा होता, माणसं नव्हे. पण आपण सगळे बोलताना नकळत हेच मॉडेल डोक्यात ठेवतो. मी सांगितलं, म्हणजे त्याला मिळालं.

तरीही या मॉडेलमधला गोंगाटाचा विचार फार कामाचा आहे. दवाखान्यातला गोंगाट म्हणजे नुसता पंख्याचा आवाज नाही. कडेवरचं लेकरू रडतंय, शेवटची एसटी निघून जाईल ही धास्ती आहे, आजची मजुरी बुडाली आहे, एका कानाने कमी ऐकू येतं, आणि सगळ्यात मोठा गोंगाट म्हणजे भीती. ‘शुगर निघाली’ हा शब्द ऐकल्यावर पुढची दोन मिनिटं माणूस काहीच ऐकत नाही. त्याच दोन मिनिटांत आम्ही गोळ्या, पथ्य आणि पुढची तारीख सांगून मोकळे होतो.

२००३ साली रॉय केसेल्स या संशोधकाने या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरने दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतात, आणि जे लक्षात राहतं त्यातलं जवळपास अर्धं चुकीचं असतं, असं त्यात दिसलं. हे परदेशातल्या, शिकलेल्या माणसांबद्दल आहे. तेव्हा ‘आपल्याकडचे लोक अडाणी’ हे कारण आता बाजूला ठेवू.

दोन वर्तुळं

दुसरं मॉडेल १९५४ सालचं, विल्बर श्रॅम यांचं. त्यांचं म्हणणं असं की बोलणाऱ्याभोवती त्याच्या अनुभवाचं एक वर्तुळ असतं आणि ऐकणाऱ्याभोवती त्याचं. ही दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, तेवढ्याच जागेत अर्थ पोहोचतो. बाहेरचं सगळं वाया. शिवाय ऐकणारा काहीतरी परत पाठवत असतो: मान डोलावणं, कपाळावरची आठी, एखादा प्रश्न. तो परतीचा रस्ता म्हणजे फीडबॅक.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. मी सांगतो, “मीठ कमी करा.” माझ्या वर्तुळात मीठ म्हणजे दिवसभरात पोटात जाणारं एकूण मीठ. समोरच्या माउलीच्या वर्तुळात मीठ म्हणजे ताटात वरून घेतलेलं मीठ. ती प्रामाणिकपणे वरचं मीठ बंद करते. लोणचं, पापड, शेव, फरसाण, ठेचा चालूच राहतो, कारण त्यांचं नाव मी घेतलेलंच नसतं. पंधरा दिवसांनी बीपी तेवढंच. मी चिडतो, ती हिरमुसते. दोघंही खरं बोलत असतो.

दुसरं उदाहरण ओआरएसचं. “पुडी पाण्यात टाकून पाजा” एवढं सांगितलं की काही घरांत मोठी पुडी एका पेल्यात कालवली जाते. ती पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. पेलाभर पाण्यात टाकली तर ते पाणी लेकरासाठी धोक्याचं होतं, अंगात मिठाचं प्रमाण वाढतं. बाजारात एका पेल्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. म्हणून मी आता ‘लिटर’ शब्दावर थांबत नाही. एक लिटरची रिकामी बाटली टेबलावर ठेवलेली आहे, ती हातात देतो आणि म्हणतो, “कसं करणार ते मला दाखवा.” पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. आपण खारपाणपट्ट्याच्या काठावरची माणसं. पूर्णेच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. खाऱ्या पाण्याने किडनी जाते, ही गोष्ट संग्रामपूर तालुक्यात शाळेतलं पोरही सांगतं. गोड्या पाण्याची मागणी रास्तच आहे, ती सोडायची नाही. पण या एका वाक्याने किडनीबद्दलची बाकीची सगळी जागा व्यापून टाकली आहे. वाढलेलं बीपी आणि वाढलेली शुगर ही किडनी निकामी होण्याची जगभरातली दोन सर्वांत मोठी कारणं आहेत. त्यात फवारणीनंतर अंग दुखतं म्हणून किराणा दुकानातून रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांची भर पडते. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे. पण ऐकणाऱ्याच्या वर्तुळात ‘किडनी’ या शब्दाशेजारी ‘पाणी’ आधीच बसलेलं आहे, याचा विचार मी केला नाही. पाण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं आधी ऐकून, मान्य करून, मग “आता दुसरं कारण ऐका” असं सुरू केलं असतं, तर कॅनचं पाणी आणणाऱ्या काकांनी गोळीही सोडली नसती.

दोघंही एकाच वेळी बोलत असतात

तिसरं मॉडेल डीन बार्नलंड यांचं, १९७० सालचं. त्यांनी म्हटलं, आधी एक बोलतो मग दुसरा बोलतो, असं नसतंच. दोघंही सतत, एकाच वेळी, संदेश देत आणि घेत असतात. गप्प बसलेला माणूसही काहीतरी सांगत असतो.

तुम्ही आत येऊन बसता. मी मान खाली घालून लिहितो आहे. मी तोंड उघडलेलं नाही, पण तुम्हाला संदेश मिळाला: घाई आहे, थोडक्यात सांगा. मग तुम्ही पोटातलं अर्धं पोटातच ठेवता. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी डॉक्टर-रुग्ण भेटी तपासल्या. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. १८ सेकंदांत आमच्याकडचं माणूस “काय सांगू बाप्पा” एवढंच म्हणून होतं.

या मॉडेलवरून ‘हाव जी’ चा अर्थही कळतो. ‘समजलं का?’ हा माहितीचा प्रश्न नाही. ऐकणाऱ्याला त्यातून ऐकू येतं, ‘झालं, आता निघा.’ शिवाय ‘नाही समजलं’ म्हणणं म्हणजे स्वतःला कमी ठरवणं, आणि डॉक्टरलाही नीट सांगता आलं नाही असं तोंडावर म्हणणं. आपल्याकडचं मर्यादेने वागणारं माणूस दोन्ही करणार नाही. तो ‘हाव जी’ म्हणेल आणि बाहेर जाऊन मेडिकलवाल्याला विचारेल.

गाडगेबाबांची रीत

हे सगळं परदेशातून शिकायची गरज होती का? आपल्या वऱ्हाडात जन्मलेल्या एका माणसाने ही तिन्ही मॉडेल पुस्तकांत येण्याआधीच वापरून दाखवली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६).

बाबा गावात आले की आधी बोलत नसत. आधी खराटा हातात घेऊन गाव झाडत. रात्री कीर्तन. स्वच्छतेबद्दल बोलायचा हक्क त्यांनी दिवसा कमावलेला असे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने परिणामकारक भाषणाच्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालणं, आणि पटेल असा मुद्दा. बाबांचा पहिला भाग संध्याकाळ व्हायच्या आत पूर्ण होई.

कीर्तनात ते विचारत आणि समोरचे लोक उत्तर देत. पुन्हा विचारत, पुन्हा उत्तर. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं कापावं का, पोरांना शाळेत घालावं की नाही, याची उत्तरं ते लोकांच्याच तोंडून काढून घेत. हजारांच्या गर्दीत त्यांनी परतीचा रस्ता उघडा ठेवला होता. भाषा वऱ्हाडी, उदाहरणं घरातली, शेतातली. दोन वर्तुळं पूर्ण एकमेकांवर. जे वाक्य माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणतो, ते त्याला दुसऱ्याचं वाटत नाही, ही त्यांच्या रीतीची किल्ली होती.

आता आपल्या सभा पाहा. दहाची वेळ, साडेअकराला सुरुवात. हार, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सहा जणांची मनोगतं. शेवटी, मंडपामागून मसालेभाताचा वास येऊ लागल्यावर, डॉक्टरला म्हणतात, “साहेब, पाच मिनिटांत आरोग्याबद्दल दोन शब्द.” मीही त्या पाच मिनिटांत पंचवीस गोष्टी सांगून मोकळा झालेलो आहे. नंतर एकाला विचारलं, “काय लक्षात राहिलं?” तो म्हणाला, “तुमी चांगलं बोलले.” यापेक्षा वाईट शेरा नाही.

भाषण शिकवणाऱ्या वर्गांत आणखी एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जाते: परिणामाचा ५५ टक्के भाग देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि शब्दांचा फक्त ७ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले आहेत. ते प्रयोग बोलणाऱ्याच्या भावना आणि आवडनिवड ओळखण्यापुरते होते, आणि सगळ्या भाषणांना ते लावू नका असं स्वतः मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. हावभाव महत्त्वाचे आहेतच. पण गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हे कोणताही हातवारा सांगू शकत नाही. तिथे शब्दच नेमका लागतो.

परिणामकारक म्हणजे खरं नव्हे

इथे एक इशारा द्यायला हवा. नीट पोहोचलेली गोष्ट खरीच असेल, असं नाही.

आपल्या शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातली भेंडवळची घटमांडणी सगळ्यांना माहीत आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्यं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ महाराजांच्या घराण्यातले लोक निरीक्षण करून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, असं माझं मत आहे. पण संवाद म्हणून ते पाहा. ठरलेला दिवस, ठरलेली जागा, ओळखीचा माणूस, लोकांची भाषा, आणि महिनावार, पीकवार छोटी छोटी वाक्यं: अमुक महिन्यात पाऊस साधारण, तमुक पीक बरं. दुपारपर्यंत ते गावोगाव पाठ झालेलं असतं. हवामान खात्याचा अंदाज शास्त्रावर उभा असूनही ‘सरासरीच्या इतके टक्के’ या भाषेत अडकून पडतो. शास्त्राने भेंडवळकडून भाकीत घेऊ नये, पण सांगण्याची रीत जरूर घ्यावी.

आणि शास्त्राने बोलायला उशीर केला, की रिकाम्या जागेत काय शिरतं, ते आपण फार जवळून पाहिलं आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल. आकडा पुढे १८ गावांतल्या २७९ जणांपर्यंत गेल्याचं बातम्यांत आलं. कारण शोधायला वेळ लागणारच होता. पाणी तपासलं गेलं, बुरशीचा संसर्ग असावा असं सांगितलं गेलं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, पथक आलं. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासण्यांच्या आधारे रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

मधल्या काळात मोबाईलवर ‘टक्कल व्हायरस’ पसरला होता. माणूस माणसाला लागण देतो, या समजुतीने लोक त्या गावांतल्या माणसांपासून लांब राहू लागले. जमलेली लग्नं अडल्याच्या, पोरापोरींना कॉलेजात जायची लाज वाटू लागल्याच्या बातम्या आल्या. केसांपेक्षा ही जखम मोठी होती, आणि ती सेलेनियमने केली नव्हती.

तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर हाती नसतानाही चार गोष्टी रोज सांगता आल्या असत्या. आज आम्हाला एवढं माहीत आहे. एवढं अजून माहीत नाही. ते शोधण्यासाठी हे चाललं आहे. तोवर तुम्ही हे करा, आणि पुढची माहिती अमुक दिवशी, अमुक वाजता, याच पारावर मिळेल. साथीच्या काळात लोकांशी कसं बोलावं याची जगभर मान्य असलेली पद्धत हीच आहे. ‘अजून माहीत नाही’ म्हटल्याने माणसाची पत जात नाही. आज एक आणि उद्या दुसरं ठामपणे सांगितलं की मात्र ती जाते. तपासायला आलेल्या कुणाचीही मेहनत मी कमी लेखत नाही. पण रक्त तपासणाऱ्या पथकासोबत लोकांशी बोलणारा एक तयार माणूस रोज गावात बसला पाहिजे, ही माझी मागणी आहे. तो औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे.

तुम्ही बोलणार असाल तर

ग्रामसभा असो, बचत गटाची बैठक असो की शाळेतला पालक मेळावा, पाच गोष्टी करून पाहा.

१. एकच गोष्ट ठरवा. घरी जाताना लोकांच्या तोंडी कोणतं वाक्य असावं, ते आधी लिहा. ते एका दमात म्हणता येत नसेल तर अजून ठरलेलं नाही.

२. आधी विचारा, मग सांगा. “किडनी कशाने खराब होते असं तुम्हाला वाटतं?” इथून सुरुवात केली की त्यांचं वर्तुळ दिसतं.

३. वस्तू दाखवा. बाटली, चमचा, गोळीचं पाकीट. ‘प्रमाणात’, ‘नियमित’, ‘योग्य आहार’ हे शब्द टाळा. कुणाच्याच स्वयंपाकघरात त्यांचं माप नाही.

४. मध्ये थांबा. दर काही मिनिटांनी एखाद्याला त्याच्या भाषेत सांगायला लावा. मागच्या रांगेतल्या बायकांनाही विचारा, कारण पथ्य शेवटी त्यांनाच सांभाळायचं असतं.

५. हात-पाय कापतात म्हणून माघार घेऊ नका. छाती धडधडणं हा आजार नाही. शरीर कामाला तयार होतंय, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीची दोन वाक्यं पाठ करून ठेवा आणि श्वास सावकाश सोडा. बोलायला लागल्यावर थोड्याच वेळात धडधड कमी होते.

आणि तुम्ही रुग्ण असाल तर

परतीचा रस्ता तुमच्या बाजूनेही उघडता येतो. येताना सगळ्यात महत्त्वाचा त्रास आधी सांगा, उठता उठता नको. दोन प्रश्न कागदावर लिहून आणा, लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या. जमलं तर घरातलं एक माणूस सोबत आणा. आणि निघण्यापूर्वी डॉक्टरला म्हणा, “मी काय समजलो ते सांगतो, चुकलं तर सांगा.” यात कुठलाही अपमान नाही, ना तुमचा ना डॉक्टरचा. तुमच्या या एका वाक्याने आमची चूक वेळीच पकडली जाते.

“एवढा वेळ कुठे आहे?” असं माझे सहकारी विचारतील. प्रश्न खरा आहे. बाहेर साठ माणसं बसलेली असतात. पण उलटून सांगायला लावण्यात एखादं मिनिट जातं. ते मिनिट वाचवल्यामुळे वाढलेलं बीपी, फिट, लकवा आणि अकोल्यापर्यंतची गाडी यात किती वेळ जातो, तेही मोजायला हवं.

त्या काकांना गोळी पुन्हा सुरू केली. निघताना मी ‘समजलं का?’ विचारलं नाही. म्हटलं, “घरी गेल्यावर काकू विचारतील, डॉक्टर काय म्हनले? तं काय सांगाल?”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बीपी नॉर्मल हाये तं गोळीमुळं हाये. मोटर चालू हाये तवरच पानी येते. वावर ओलं दिसलं म्हून मोटर बंद केली, तं चार दिवसांत पुन्हा भेगा.”

वीस वर्षांत मला बीपीची गोळी इतक्या सोप्या शब्दांत सांगता आली नव्हती. आता मी प्रत्येक बीपीच्या रुग्णाला मोटरचीच गोष्ट सांगतो. आणि सांगून झालं की गप्प बसतो, त्यांच्या तोंडून ती परत ऐकायला.